जिऱ्याच्या पुडीतली निळी धूळ

“भाऊ, हाऊ कागद बदली द्या. हाई पान मन्हं वाचेल शे.”

दुकानातून हे वाक्य पडद्याआड आलं आणि लाडकंवरच्या हातातलं पान अर्ध्यावर फाटून तसंच राहिलं. बाजाराचा दिवस होता. पुढे दुकान, मागे घर, मध्ये दार आणि दारावर जाड पडदा, अशी शहाद्याच्या पेठेतल्या त्या मारवाडी घराची रचना. पडद्याच्या अलीकडे, मधल्या खोलीत, रद्दीचा गठ्ठा पुढ्यात घेऊन पुड्यांसाठी कागद फाडत बसणं हे घरच्या सुनेचं दुपारचं काम. दिवसभर पडद्यातून आवाज येत राहायचे. तराजूची साखळी, गुळाच्या भेलीवर बसणारा घाव, सासऱ्यांचं खाकरणं, भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकं. त्यातला एकही आवाज तिच्यासाठी नसायचा, म्हणून ते सगळे कानावरून वाहून जायचे. हे वाक्य मात्र सरळ आत आलं आणि तिच्यासमोर ठाण मांडून बसलं. पाठोपाठ कांतीलालचं, तिच्या नवऱ्याचं, हसू ऐकू आलं. “मावशी, जिरं लेवाले उन्यात का पोथी वाचाले?” बाहेरची बाई जराही ओशाळली नाही. “दोन्ही. जिरं ते लोणखेडामा बी मिळस. हाई गोष्ट तठे मिळस नही.”

कोणती गोष्ट, हे लाडकंवरला विचारावं लागलं नाही. आधी वाटलं, चोरी पकडली गेली. मग राग आला, आपल्या कुलूपबंद पेटीत कुणीतरी हात घालून वस्तू चिवडल्याचा राग. आणि त्या रागाच्या मागून, दबकत, ज्याला ती कितीतरी वर्षं ओळखत नव्हती असा आनंद आला. त्या गोष्टीत असाच एक प्रसंग होता. सात प्रवासी परक्या ग्रहावर उतरतात, निळ्या धुळीतून चालत जातात, आपल्याशिवाय इथे कुणी नाही अशी खात्री करून घेतात, आणि परतताना त्यांना धुळीत एक पाऊल उमटलेलं दिसतं. ते त्यांच्यापैकी कुणाचंच नसतं. तो हप्ता वाचला त्या दिवशी लाडकंवरनं कढी करपवली होती. आज ते पाऊल तिच्या उंबऱ्याशी येऊन जिरं मागत होतं.

धुळ्याहून रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यांत वर्तमानपत्रं असायची, सिनेमाची पत्रकं असायची, आणि तिचं नशीब बरं असलं तर ‘नवलकुंभ’ नावाच्या मासिकाचे अंक असायचे, कधी एकाच अंकाच्या दोन-दोन प्रतीही. मुंबई-पुण्याचे लोक ते विकत घेऊन, वाचून, कंटाळून रद्दीत टाकत. लाडकंवरकडे ते पोचेपर्यंत शिळे झालेले असत. पण ताजं आणि शिळं हे ज्याला ताजं मिळतं त्यानं ठरवावं. तिच्यासाठी गठ्ठ्याची सुतळी सुटली की नवंच काही निघायचं. माहेरहून कुणी आलंय असं कळल्यावर बाकीच्या बायकांचं जे व्हायचं ते हिचं गठ्ठा आल्यावर व्हायचं. तळोद्याच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी, आणि मराठी फक्त पुस्तकात. त्यामुळे मराठी ही तिला लहानपणापासूनच कुठल्यातरी दुसऱ्या ग्रहावरची भाषा वाटायची, तिथली माणसं ‘मज्जाव’ आणि ‘तथापि’ असं बोलतात असं वाटायचं. लग्न होऊन शहाद्याला आली आणि सासूबाईंनी, बदामबाईंनी, पहिल्याच आठवड्यात रद्दी समोर टाकून सांगितलं की कागद फाडायचा असतो, वाचायचा नसतो. बदामबाईंचा डोळा फार कडक. त्यांच्या देखत लाडकंवर फाडता फाडता वाचायला शिकली: मान न हलवता, ओठ न हलवता, पान उलटं असलं तरी. फाडलं की ते पान थप्पीत जायचं, थप्पी दुकानात, तिथून हळद-मिरीभोवती गुंडाळलं जाऊन ते कुठे जायचं देव जाणे. ब्राह्मणपुरीला, लोणखेड्याला, वर पार मोलगीच्या बाजारापर्यंत. एकही पान तिनं कधी ठेवून घेतलं नाही. बदामबाई वारल्या, तरीही नाही. फाडलेलं आठवायचं आणि आठवलेलं जपायचं, अशी तिला खोडच लागून गेली होती.

‘निळ्या धुळीचा ग्रह’ ही कथामाला तिनं अशी वर्षानुवर्षं, उलटसुलट, वाचली. चौथा हप्ता आधी, दुसरा नंतर, सहावा कधी आलाच नाही. जे आलं नाही ते तिनं आमटी ढवळताना स्वतः रचलं, आणि पुढच्या हप्त्यात लेखकानं तसंच लिहिलेलं निघालं की तिचा दिवस दिवाळीसारखा जायचा. वेगळं निघालं तर ती त्या लेखकाशी दोन-दोन दिवस मनातल्या मनात भांडायची. सात प्रवाशांतली एकच बाई, वैजयंती, यानातल्या ऐकण्याच्या यंत्रापाशी बसणारी. कानाला यंत्र लावून अंतराळातले आवाज टिपायचे आणि कप्तानला कळवायचे, एवढंच तिचं काम. लाडकंवरला ते काम इतकं ओळखीचं होतं की पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिनं पडद्याकडे पाहिलं होतं. त्या ग्रहावरच्या लोकांना तोंड नव्हतं. त्यांचे शब्द तळहातावर उजेडासारखे उमटायचे, आणि बोलायचं झालं की ते हात पुढे करायचे. रद्दी फाडता फाडता घामेजल्या हातांवर छापील शाई उतरायची. मग लाडकंवर आपल्या तळव्यावरची ती उलटी अक्षरं बघत बसायची, आणि मग चुलीपुढच्या राखेनं घासून टाकायची. आणि धूळ. ती निळी धूळ एरवी जमिनीला चिकटून पडलेली असायची, पण तिसऱ्या हप्त्यात कप्तान कशावर तरी मोठ्यानं हसला तेव्हा त्याच्या पायाशी ती अचानक वर उठली होती. लेखकानं तिथे एक ओळ लिहिली आणि पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. लाडकंवर मात्र ती ओळ विसरली नाही. उगाच कुणी धूळ उडवत नाही, या लेखकाच्या मनात काहीतरी आहे, असं ती स्वतःला सांगायची, आणि त्याची वाट पाहायची.

वाट पाहायची ती ज्याची, तेच तिनं आपल्या हातानं फाडलं होतं. सासऱ्यांना, सुमेरमलजींना, जैन धर्माचं मोठं वेड. मागे एका साली पर्युषणात गावात साध्वीजींचा चातुर्मास होता आणि लाडकंवरनं अठाई केली होती, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. व्याख्यानात साध्वीजींनी विकथांबद्दल सांगितलं. जी कथा आत्म्याला बाहेर खेचते ती विकथा. स्त्रीकथा, भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गोष्टी, देशकथा, राजकथा. हे दिवस तरी तिच्यापासून दूर राहण्याचं पच्चखाण, म्हणजे नियम, घ्या. सगळ्या बायकांनी हात जोडले. लाडकंवरच्या मनात आलं, दुसऱ्या ग्रहाची गोष्ट यातल्या कशात बसेल? ग्रह म्हणजे जमीन, जमीन म्हणजे देश. तर मग ती देशकथा. उपासानं डोकं हलकं झालेलं, मन एकदम पाण्यासारखं स्वच्छ. तिनं मोठ्या उमेदीनं हात जोडले आणि व्रत घेतलं. त्याच दिवसांत गठ्ठा आला. बाजार जवळ आलेला, दुकानात कागद संपलेला. तिनं डोळे मिटून, नवकार म्हणत, अख्खा गठ्ठा नुसत्या हातांनी फाडला. ‘नवलकुंभ’चा कागद बोटांना कळतो, जरा खरखरीत, कडेला जाड. तो बोटांखाली आला तेव्हा क्षणभर हात अडखळला होता. मग तिनं तोही फाडला, आणि मनाला शाबासकी दिली.

व्रत पुरं झालं, पारणं झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीनंतरच्या गठ्ठ्यात पुढचा अंक निघाला आणि त्यात नव्याच कथामालेची सुरुवात होती. संपादकानं वर चौकटीत लिहिलं होतं की ‘निळ्या धुळीचा ग्रह’ गेल्या अंकात संपली, वाचकांना ती आवडली असेलच. लाडकंवर ती चौकट किती वेळ बघत बसली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं वाचलेला शेवटचा हप्ता असा थांबला होता: यानात इंधन सहा जणांपुरतंच उरलेलं, सहा जण आत, दार मिटायला लागलेलं, आणि वैजयंतीचा एक पाय आत आणि एक पाय निळ्या धुळीत. शेवटच्या अंकाची दुसरी प्रत काही आली नाही, आणि त्या दिवसापासून वैजयंती तशीच उभी होती. पीठ मळताना उभी, सामायिकाला, ध्यानाला बसताना उभी, मुलीचं स्थळ बघायला पाहुणे आले तेव्हाही उभी. कुणाला सांगणार? सांगायचं तरी काय? की बाईमाणूस, चाळिशी उलटलेली, लेक उजवायला आलेली, हिच्या जिवाला घोर लागलाय तो कुणा न झालेल्या बाईच्या पायाचा? आणि त्यात भर म्हणजे पुण्य करता करता शेवटचा हप्ता आपल्याच हातानं फाडला गेला. ज्या अठाईबद्दल गावानं तिला नावाजलं, तिचं नाव निघालं की ती उठून चुलीपाशी जायची. हे पाप होतं का, हेही तिला विचारता येत नव्हतं.

आणि आता हे वाक्य. लाडकंवरनं पदर पुढे ओढला आणि दाराच्या चौकटीवर बांगडी वाजवली. त्या घरात तिचं बोलणं ते एवढंच होतं. सासऱ्यांच्या कानावर सुनेचा आवाज जाता कामा नये, हा रिवाज. बांगडी वाजली की कांतीलालनं आत यावं, कडी वाजली की जेवण तयार. लग्न होऊन आल्यापासून सुमेरमलजींनी तिच्या बांगड्यांचा आवाज ओळखला होता, तिचा नाही. म्हातारा वाईट नव्हता. पहिल्या बाळंतपणात त्यानंच स्वतः नंदुरबारहून वैद्य आणवला होता. पण त्या दोघांमध्ये कधी एक शब्दही गेला नव्हता, आणि तो जावा असं कुणाला वाटलंही नव्हतं. कांतीलाल आत आला. त्या बाईला पाणी प्यायला आत बोलाव, म्हणाली. कांतीलाल तिच्याकडे बघत राहिला, पण बोलावलं.

आत आली ती तापीबाई, ब्राह्मणपुरीची गुजर बाई, पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं गोंदण, अंगावर जाड काठाचं लुगडं आणि नजरेत कुणाचीच भीड नाही. तिच्या घरी केळीचे मळे होते, कापूस होता, दोन सुना होत्या. पाण्याचा गडू संपवून तिनं विचारलं, “काय शेठाणी, तुन्हाच का ते कागद फाडेल?” लाडकंवरनं मान हलवली. तेवढ्यावर तापीबाई तिच्यासमोर फतकल मारून बसली. “मंग एक सांग. अशी आडवी काबरं फाडस वं? वरनं पान मन्हा घर येस आनि खालनं कोनाबी घर जास. उभी फाडत जाय ना.”

त्या दुपारी लाडकंवर आयुष्यात पहिल्यांदा आपल्या ग्रहाबद्दल कुणाशी तरी बोलली. कुजबुजत, पदराआडून, एक डोळा पडद्यावर ठेवून. पण बोलली. तापीबाईच्या नवऱ्यानं हौसेनं तिला अक्षरं शिकवली होती. तो वारला, आणि ती अक्षरं वापरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती पुड्या उलगडून वाचायला लागली. एके दिवशी लवंगेच्या पुडीत वैजयंती भेटली. तेव्हापासून ती दर बाजाराला शहाद्याला येत होती, घरात जिरं डबा भरून सांडत असलं तरी. सुना म्हणायच्या, सासूबाईंना पित्त झालंय. सगळी अर्धी पानं. उरलेलं तिनं आपल्या डोक्यानं जोडलेलं. आणि कसं जोडलेलं! तापीबाईच्या हिशेबानं वैजयंती ही कप्तानची सख्खी बहीण होती, लहानपणी जत्रेत हरवलेली. निळी धूळ म्हणजे गुलालासारखी काहीतरी, तिथले लोक ती लग्नात उधळतात. तोंड नसलेल्या लोकांचा राजा वैजयंतीला सून करून घ्यायच्या बेतात आहे, म्हणून तो सारखे हात पुढे करतो.

लाडकंवरची कानशिलं तापली. हे सगळं खोटं होतं, एक अक्षर खरं नव्हतं. ती इतक्या तावातावानं सांगायला लागली की पदर मागे सरकला तेही तिच्या ध्यानात आलं नाही. बहीण कशी असेल? दुसऱ्या हप्त्यात वैजयंतीचे वडील बोटीवर वारल्याचं स्पष्ट लिहिलंय, कप्तानचे वडील जिवंत आहेत, त्याला पत्रं लिहितात. तापीबाई म्हणाली, ते पान मन्हाकडे उनंच नही, मग मी कशी जानू? आणि राजा सून करणार नाही हे कशावरून? लाडकंवर म्हणाली, कारण त्याला मुलगाच नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जावाजावा भांडल्यासारख्या. मग तापीबाईला हसू फुटलं, आणि तिचं बघून लाडकंवरलाही. तोंडात पदर कोंबून ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. लग्नानंतर ती इतकी कधी हसली होती, ते तिला आठवेना.

“पन शेवट काय हुयना?” डोळे पुसत तापीबाईनं विचारलं. “ती आत गयी का बाहेर ऱ्हायनी?” लाडकंवरचं हसू मावळलं. तिनं सगळं सांगितलं. साध्वीजी, व्रत, मिटलेले डोळे, बोटांना कळलेला कागद. बोलताना तिला वाटत होतं, ही बाई आता उठून जाईल. तापीबाईनं नुसता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “देवना नावखाल फाडं तूनी. त्यामा काय चूक नही. आनि कागद जाई जाई कठे जाई? मन्हाच इलाखामा शे. मी गोळा करस.”

पुढच्या बाजारापर्यंतचे दिवस लाडकंवरनं कसे काढले हे विचारू नये. कणीक सैल झाली, ताक आंबलं, लेकीनं दोनदा विचारलं की आई, तुम्हाला ताप आहे का. तिच्या डोळ्यांपुढे दिसायचं: त्या बाजूच्या गावागावातली स्वयंपाकघरं, फळ्यांवरचे डबे, डब्यांच्या तळाशी चिकटलेले कागद, आणि त्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी वैजयंती. एका घरात तिचा पाय, दुसऱ्यात हात. अर्ध्या घरांत तर ती केव्हाच चूल पेटवायला गेली असणार. कधी वाटायचं, न मिळालेलंच बरं. मिळालं आणि ती धुळीतच राहिलेली निघाली तर? मग लगेच वाटायचं, नाही, सोक्षमोक्ष लागू दे एकदाचा. जे काही असेल ते आपल्या डोळ्यांनी वाचू.

बाजाराच्या दिवशी तापीबाई आली ती एकटी नव्हती. बैलगाडी भरून बायका होत्या. तिची जाऊ रंजनाबाई होती, लोणखेड्याची तिची लेक होती, शेजारणी होत्या. गोष्ट गावभर झाली होती. त्या वाचू शकत नव्हत्या, पण तापीबाईनं त्यांना पाय आत आणि पाय बाहेर असं सांगून ठेवलं होतं, आणि आता त्यांनाही चैन नव्हतं. इतक्या बायका मधल्या खोलीत मावणार कुठे? त्या सरळ दुकानाच्या ओट्यावरच बसल्या, हळदीच्या पोत्यांना टेकून, आणि तापीबाईनं पडद्याकडे तोंड करून हाक मारली, “शेठाणी, ये वं बाहेर. सापडनं!”

लाडकंवर उंबऱ्याशी आली. पदर छातीपर्यंत. त्याच्या आडून तिला गादीवर बसलेले सुमेरमलजी अर्धे दिसले, पुढ्यात तराजू, डोक्याला पगडी. तिनं उंबरा ओलांडला नाही, त्याच्यावरच बसली. तापीबाईनं कनवटीचा कागद काढून तिच्या हातात दिला. लोणखेड्याच्या लेकीच्या घरी हिंगाच्या डबीला तळाशी चिकटलेला सापडला होता. बाकीची सगळी पानं चुलीत गेली होती. अर्धं पान, तेलानं पारदर्शक झालेलं, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. पण खालच्या कोपऱ्यात ‘समाप्त’ असं स्वच्छ छापलेलं. लाडकंवरनं वाचलं, पहिल्यांदा मनात, मग हळू आवाजात बायकांसाठी. “…दार मिटले. आत किती जण होते, हे मोजण्याचे धाडस कोणालाच झाले नाही. यान वर जात राहिले. खाली निळी धूळ तशीच शांत पसरलेली होती. समाप्त.”

रंजनाबाई म्हणाली, “हाऊ कसा शेवट?” लाडकंवरला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आला तो संताप. धाडस झालं नाही म्हणे! सात माणसं मोजायला कसलं आलंय धाडस? इतकी वर्षं ज्याच्यावर विश्वास टाकला त्या माणसानं शेवटच्या ओळीत हात झटकले होते. ती पुन्हा त्या ओळींवरून बोट फिरवत गेली. दार मिटलं. धूळ शांत होती. दार मिटलं. धूळ शांत. आणि तिचं बोट थांबलं. कप्तान नुसता हसला तर धूळ उठली होती. मग लोखंडाचं एवढं मोठं दार मिटल्यावर ती शांत राहील कशी? दार मिटलं असतं तर आवाज झाला असता, आवाज झाला असता तर धूळ उठली असती. धूळ उठली नाही, असं लेखकच सांगतोय. मग दार मिटलेलंच नाही. त्याला वाटतंय मिटलं, पण मिटलं नाही. तो घाईत होता, त्याला संपवायचं होतं, त्यानं नीट पाहिलं नाही. त्या ग्रहावर नेमकं काय झालं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस शहाद्याला एका उंबऱ्यावर बसलं होतं.

“हाई खोटं शे,” ती म्हणाली. “दार मिटनंच नही.” आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. पुस्तकातली मराठी तिच्या तोंडी आलीच नाही. ती अहिराणीत सांगत होती, तळोद्याच्या गल्लीतल्या अहिराणीत, आणि त्या भाषेत तो ग्रह एकदम जवळ आला, सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला असावा इतका. वैजयंती दारात उभी आहे. आत सहा जण खाली माना घालून बसलेत, कुणी तिच्याकडे बघत नाही. बाहेर ते बिनतोंडाचे लोक जमलेत, हात पुढे करून, तळव्यांवर उजेड. इंधन नाही, सात जण उडणार नाहीत. वैजयंतीनं जन्मभर फक्त दुसऱ्यांचे आवाज ऐकले. तिच्या मनात येतं की आपण बोललो तर? तिनं एक हाक मारली. पायापाशी धूळ उठली, वीतभर. यान हललं, जरासंच, आणि पुन्हा बसलं. एकटीच्या आवाजानं एवढं मोठं यान कसं उचलणार?

तराजूची साखळी वाजायची थांबली होती. हे लाडकंवरच्या लक्षात आलं तेव्हा ओट्यावर आणि दुकानात इतकी शांतता होती की समोरच्या शिंप्याचं यंत्र ऐकू येत होतं. गिऱ्हाइकं उभी होती. कांतीलालच्या हातात भरलेलं माप तसंच धरलेलं. मोठ्यानं बोललो का आपण? ती पटकन आवाज खाली घेत पुढचं वाक्य बोलायला गेली, आणि गादीवरून खाकरणं ऐकू आलं.

“बीनणी,” सुमेरमलजी म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सुनेला हाक मारली होती. “जोर सूं बोलो. अठै ताईं सुणीजै कोनी.”

इतक्या वर्षांचा रिवाज, आणि म्हातारा म्हणतो मोठ्यानं बोल, इथपर्यंत ऐकू येत नाही! लाडकंवरनं पदराआड डोळे मिटले. तिनं श्वास घेतला आणि बोलली, आणि तिचा आवाज तिच्याच कानांना नवा वाटला, भरदार, जरा जाडसर, पेठेच्या त्या टोकापर्यंत जाईल असा. मग वैजयंतीनं आपले दोन्ही तळहात एकमेकांवर आपटले. टाळी! त्या लोकांनी जन्मात कधी तळव्याला तळवा लावला नव्हता. एका हातावरचा शब्द दुसऱ्यावरच्या शब्दात मिसळेल म्हणून ते भ्यायचे. ते बघत राहिले. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं लावला तळव्याला तळवा. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, अख्ख्या ग्रहानं, आणि ती निळी धूळ जमिनीपासून सुटली, सुपातल्या भुसासारखी वर आली, यानाखाली जमली आणि यान उचललं गेलं. इंधन लागलंच नाही. दार उघडंच होतं. वैजयंतीनं दुसरा पाय आत घेतला. “सात जन,” लाडकंवर म्हणाली, “मोजी ल्या. सातना सात.”

कुणीतरी टाळी वाजवली, बहुतेक रंजनाबाईनं, आणि मग ओट्यावरच्या सगळ्याच बायकांनी, हळदीची पोती थोपटत, हसत; पिवळी धूळ उन्हात उठली आणि दुकानभर पसरली. सुमेरमलजी शिंकले, कांतीलाल शिंकला, उभी गिऱ्हाइकं शिंकली. लाडकंवरनं पदर मागे घेतला. तो तिनं पुन्हा पुढे ओढला नाही.

तापीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पिशवी गल्ल्यासमोर धरली. “भाऊ, आते जिरं बांधा,” ती म्हणाली. “कोरा कागदमा बी चाली.”